अंगठीची टकटक

पाण्याखालच्या बागांच्या स्पर्धेत टाक्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. म्हणे निःपक्षपाती परीक्षण! मावशी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. परीक्षक महाशय प्रत्येक काचेवर अंगठीनं टकटक करायचे, की मासे दगडांमागे दडायचे. काच वाजवू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, मावशी मनात फणकारल्या. मावशींनी वर्षभर कातरून निगुतीनं राखलेल्या हिरवळीकडे बघून महाशय म्हणाले, "गवताचा भारा!" चौथ्या टाकीपाशी मात्र ते विरघळले. "वा! कोणाची आहे देव जाणे, पण पहिला नंबर हिचाच." स्पर्धेत उतरलेला त्यांचा जावई छत न्याहाळू लागला. महाशयांनी सवयीनं अंगठी वाजवली, आणि त्या टाकीतले झाडून सगळे मासे धावत काचेशी आले, आ वासून. जावयाला घाम फुटला. मावशी म्हणाल्या, "साहेब, निकाल राहू द्या. आधी लेकरांना रोजच्यासारखं खायला घाला."