पावडरचा डबा

लेकीचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या मोकळ्या झालेल्या खोलीत प्लंबर बापाने हातभर लांबीची रॉकेटं बनवायला घेतली. सुट्टीत तो ती मैदानावर उडवायचा आणि पुढच्या खेपेपर्यंत नळ्या पुसत, मोडलेले पंख चिकटवत बसायचा. आतलं पॅराशूट घडीत चिकटून राहिलं तर रॉकेट दगडासारखं खाली आदळतं, म्हणून घडी घालण्याआधी तो त्याला गुपचूप बायकोची पावडर चोळायचा.

"अहो, डबा पुन्हा अर्धा झाला. उंदीर पावडर लावून मिरवतात वाटतं आपल्याकडे," बायको दर वेळी म्हणायची.

"तूच दोन-दोन थर थापतेस," तो पंखावर वाकवलेली मान वर न करता म्हणायचा, आणि चोरी पचली म्हणून खूश व्हायचा.

यंदा डबा संपला आणि नवा आला नाही. रिकामा डबा घरीच राहिला आणि दुकानात पावडरचं नाव आठवेना, तेव्हा त्याने लेकीला फोन लावला. "तुझी आई कुठली पावडर लावायची गं?"

"आई? बाबा, पावडरच्या नुसत्या वासाने तिला शिंका यायच्या. तिने जन्मात कधी लावली नाही."

 

त्याची बायको मागच्या हिवाळ्यात गेली, शेवटचा डबा तिने आणून ठेवला त्याच आठवड्यात.