सकाळचे हात

डॉक्टर सौम्यांनी अनुराधाच्या बोटांवर थंड जेल लावलं, तशा कांताबाई खुर्ची ओढून सोनोग्राफीच्या पडद्याच्या पुढ्यातच बसल्या. सुनेचं सोंग आज उघडं पाडायचं, म्हणून तर त्या निपाणीहून सकाळच्या बसनं तिच्यासोबत बेळगावच्या या दवाखान्यात आल्या होत्या.

सोंग नाही तर काय? सकाळी भाकरी थापायची वेळ झाली की हिचे हात आखडायचे. दुपार कलली की हीच बाई स्कूटर काढून बाजारात हजर! कामाच्या वेळेला येणारं आणि काम उरकलं की पळणारं दुखणं कांताबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एक्स-रेमध्येही काही निघालं नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. आजही काही निघालं नाही, तर मुलाला, वृषभला सांगून हिला कायमची माहेरी चिकोडीला धाडायची, हे त्यांनी पक्कं केलं होतं. सुनेलाही ते ठाऊक होतं. ती पडद्याकडं न बघता खाली मान घालून बसली होती.

आणि त्यांचं स्वतःचं? घरात सगळ्यांच्या आधी त्या उठायच्या. जैनाघरचं पाणी, गाळून तापवल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. ते काम त्यांनी सुनेच्या हाती कधी दिलं नाही. पाणी तापलं की दोन्ही पंजे तपेल्याला लावून त्या णमोकार मंत्र म्हणत बसायच्या आणि मग कामाला लागायच्या. त्यांची आईही तशीच बसायची.

पडद्यावर करडं चित्र उमटलं. सौम्यांनी एक बटण दाबलं आणि अनुराधाच्या सांध्यांवर लाल ठिपके लुकलुकायला लागले.

"हे बघा आक्का, लाल दिसतंय ना, तिथं आत सूज आहे. एक्स-रेमध्ये ती इतक्या लवकर दिसत नाही. हा संधिवात वेळेत सापडला, तर औषधानं हात वाचतात. आमचं संशोधन त्यावरच चाललंय."

कांताबाईंचा संशय उलट दुणावला. तपासणी फुकट. डॉक्टरीण गोडबोली. आणि बटण दाबल्याबरोबर लाल!

"बटण दाबल्यावर कुणाचा बी हात लाल दिसंल की," त्या म्हणाल्या. "माझा बघा. मला कायबी झालेलं न्हाय. बघू तुमचं मशीन काय सांगतंय."

"बघूया की. तुलनेला आम्हाला निरोगी हात लागतातच." सौम्या हसल्या.

कांताबाईंनी ऐटीत पंजा पुढं केला. पुन्हा जेल, पुन्हा बटण. सगळा पडदा लालेलाल झाला. सुनेपेक्षा कितीतरी जास्त.

"बघितलंसा?" कांताबाई हरखल्या. "मशीनच खोटं हाय!"

सौम्यांचं हसू मावळलं. त्यांनी कांताबाईंची बोटं एकेक करून हलकेच दाबली. कांताबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण हात काही मागं घेतला नाही.

"आक्का, सकाळी उठल्यावर मूठ वळते का?"

"वळती की. तपेल्याला शेकली, की वळती. बोटं सुटंपतोर धरून बसायचं. समद्याच बायका बसत्यात. पर हिच्यागत कुणी बोंबलत न्हाय."

अनुराधानं पहिल्यांदाच मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते.

"आत्ती," ती हळूच म्हणाली, "ह्या दुखण्याआधी माझं हात सकाळी कधीच आखडलं न्हवतं."

कांताबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी सौम्यांच्या हातांकडं पाहिलं. सरळ, मोकळी बोटं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हंजे... बाकीच्यांचं हात सकाळी दुखत न्हाईत?"