मिसेस हॅलिडेंची हिरवळ

इटलीहून व्हँकुव्हरला आल्यापासून सासूबाई रोज सकाळी शेजारच्या मिसेस हॅलिडेंच्या हिरवळीतून ॲप्रनचा ओचा भरून रानभाजी आणायच्या.

"आई, ती बाई तक्रार करेल हो. घरमालक हाकलून देईल आपल्याला," मी बाळाला कडेवर घेऊन कुंपणापाशी विनवायची.

"इतकी कोवळी भाजी पायाखाली तुडवतात मेले. लाज त्यांना वाटू दे," म्हणत त्या पुढचा गड्डा मुळासकट उपटायच्या.

रविवारी चर्चमधून परतलो, तर मिसेस हॅलिडे आमच्याच परसात गुडघे टेकून बसलेल्या. गावाहून बी आणून आम्ही चार महिने जपलेली चिकोरीची भाजी त्यांनी सगळी उपटून ढीग घातला होता.



"तुम्ही रोज माझ्याकडचं तण काढता," घाम पुसत त्या हसल्या, "म्हटलं, आज मी तुमचं काढावं."