होर्डिंगवरची उडी

“उडी अशी मार पोट्टे, का जमिनीनं म्हणावं, गेली कुठं माही लेक!” प्रणालीच्या बापाचे ते जुने बोल सुनंदाच्या कानात अजून होते. तरी ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंग संघात प्रणालीला डावलून स्केटिंग संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी निवडली गेली, तेव्हा सुनंदा गप्प राहिली. पुढच्या वेळी तरी लेकीचं नाव लागावं, एवढीच आस.

आज सदर बाजारात होर्डिंग लागलं. कोपऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष, मधोमध हवेत गिरकी घेणारी हसरी पुतणी. तिच्या निळ्या झग्याच्या कोपरावर ठिगळ होतं, सुनंदानंच प्रणालीसाठी लावलेलं.

“मेडल तो पक्का है ना, दीदी?” होर्डिंगखाली सत्कार घेत उभ्या अध्यक्षांनी गळ्यातला हार सावरत सुनंदाला विचारलं.



“पक्कंच आहे, भैया. पुतणीचं चिकटवलेलं मुंडकं तेवढं काढा, उडी माह्या पोट्टीची आहे.”