वीसपैकी वीस

घशाच्या सदतीस तज्ज्ञांचे उंबरे झिजवून झाले, तेव्हा मास्तरांच्या लेकीचे पाय भरून आले होते. पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं आणि आवाज बसतो, हे या मंडळींना कितपत ठाऊक आहे, याची पाहणी नोकरीतलं काम म्हणून तिच्या गळ्यात पडली होती. वीस प्रश्नांचा फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवून यायचा, आठवड्याने उचलायचा. कुणाला नऊ गुण, कुणाला अकरा. एका महाभागाने तर त्यावर चहाचा कप टेकवला होता.

घरी मास्तरांचा आवाज वर्षभर बसलेला. गणित शिकवायचे, पण आता शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचत नव्हता. सुधारणा नसेल तर एक तारखेपासून वर्ग बंद, ऑफिसात बसा, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. लेकीला आम्लाचाच संशय होता. तसं म्हटलं की मास्तर खाकरत विचारायचे, "तू डॉक्टर कधी झालीस?"

अडतिसावा फॉर्म तिने दोनदा तपासला. वीसपैकी वीस. थकव्याने की आनंदाने कोण जाणे, तिला रडूच आलं. दुसऱ्याच दिवशी मिनतवाऱ्या करून तिने मास्तरांना त्या दवाखान्यात नेलं.

दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला, वय विचारलं आणि खोकल्याचं औषध लिहायला घेतलं. "वयाने होतं असं. कमी बोलत जा."

मास्तरांनी मान डोलावली. वर्षभर हेच ऐकत आले होते. लेकीला मात्र राहवेना.

"पण डॉक्टर, पाहणीच्या फॉर्मवर तुमचं एकूण एक उत्तर बरोबर होतं."

"कसली पाहणी?" डॉक्टरांनी घंटी वाजवली. पुढचा रुग्ण आत आलासुद्धा.

दोघं बाहेर आली. आता कुणाकडे जायचं, हेच तिला सुचेना. एक तारीख चार दिवसांवर आली होती. नंबर लावणाऱ्या बाईंनी मास्तरांच्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली.

"बसा काका," आतल्या दाराकडे बघत त्या हळूच म्हणाल्या. "तो फॉर्म मी भरला होता. जेवल्यावर लगेच आडवे होता का?"