बॉनेटवरचा डाग

"बॉनेटचा रंग इथेच कसा उडाला?" गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने विचारलं.

"बायकोने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं," मी म्हणालो.

जुन्या घाटाची, बिनटपाची, दोनच सीटची ही गाडी मी संग्रहासाठी सेकंडहँड घेतली, त्या दिवशीची गोष्ट. अख्ख्या सोसायटीसमोर मी बायकोवर खेकसलो होतो, "कलेक्शनची वस्तू आहे ही, टेम्पो नाही!" पूजेचं ताट घेऊन ती तशीच वर गेली. नऊ वर्षांत या गाडीत बसली नाही. मीही कधी बस म्हटलं नाही.

त्याने डागावरून अंगठा फिरवला. "कुंकवाने असा रंग जात नाही, काका. कोणीतरी थिनरने घासलंय."

थिनर मीच आणलं होतं. जिन्यापाशी उभ्या असलेल्या बायकोला ते ठाऊक होतं.

सौदा ठरला. चक्कर मारायला निघताना तो सहज म्हणाला, "काकू, येता का?"

ती पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.

परतल्यावर उतरताना तिने सीटवरून हात फिरवला. "छान आहे हो गाडी," ती त्याला म्हणाली. "फार जपू नका. वापरा."