भिंतीकडची खोली

"हे बघ आई. दोन खाटा, गरम पाणी, लिफ्ट, सकाळचा नाश्ता फुकट." कुंदनने मोबाइल ताईबाईच्या नाकासमोर धरला. "आणि मेघाताईच्या बिल्डिंगच्या अगदी समोर. खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जाईल."

ताईबाईने फोटो पाहिला. हॉटेलच्या खिडकीतून समोरची बाल्कनी दिसत होती, हिरवी जाळी लावलेली. ती बराच वेळ बघत राहिली.

"हाई नको."

"का पण?"

"नको म्हनस ना."

कुंदनने कपाळावर हात मारला. सुरतेत हॉटेलं पैशाला पासरी, आणि आईला एक पसंत पडेना. स्टेशनजवळचं दाखवलं तर गोंगाट, पुलापलीकडचं दाखवलं तर भाडं जास्त. एवढ्या वेळात एखाद्याने बायको पसंत केली असती.

शेजारची बेबाबाई विरजण मागायला आली होती, तिथेच टेकली.

"पोरनं घर शे ना तठे, मंग हाटेल काबर?"

"तिकडे गर्दी होईल बारशाची," ताईबाईच्या आधी तिचे यजमान अभिमन आबाच बोलले.

"आणि नात कोनावर गई?"

"आमनावर काबर जाई?" ताईबाई म्हणाली. "तिना मायवर गई."

बेबाबाई हसली. ताईबाई हसली नाही. आताशा तिला कशाचंच काही वाटत नसे. नात झाल्याचा फोन आला तेव्हाही तिने "बरं" म्हटलं आणि म्हशीला पेंड घालायला गेली.

बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण मोठे दवाखाने सुरतेत, म्हणून ते तिकडेच झालं. सव्वा महिना उलटला आणि बारसं ठरलं.

ताईबाईच्या घराण्यात रीत कडक होती. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पूर्वी सुरतेला जायची तेव्हा ताईबाई नरडाण्याच्या स्टेशनवर बाटली भरून घ्यायची आणि लेकीच्या सोफ्यावर बसून तेच कोमट पाणी प्यायची. लेक रुसायची. "आई, इतकं काय विष आहे का माझ्या घरी?" म्हणायची. ताईबाई म्हणायची, "पाळणा हलू दे, मग हंडाभर पिते."

मग जाणंच थांबलं. गेली काही वर्षं तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गुडघे, कापूस, म्हैस, कारणं काय, होतीच.

आबांना एवढंच हवं होतं, की तिने एकदा त्या घरात जावं. बाई आतून लाकूड होत चालली होती आणि ते त्यांना बघवत नव्हतं. पण तिला ओढून नेण्यात अर्थ नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून ती हॉटेल म्हणाली, तर हॉटेल.

"हे शेवटचं," कुंदन म्हणाला. "स्वच्छ आहे, स्वस्त आहे, रिक्षाने पाच मिनिटं. पण खिडकीसमोर भिंत आहे, आधीच सांगतो. पैसे देऊन भिंत कोण बघतं?"

"भिंत बरी," ताईबाई म्हणाली. "हाईच घे."

आदल्या दिवशी तिने पिशव्या भरल्या. नातीला कुंची, मेघाला हिरवी साडी, जावयाला टॉवेल-टोपी. मग लसणाच्या लाल चटणीचा डबा घट्ट बंद करून वर ठेवला.

"मेघा तिखट खात नाही," आबा हळूच म्हणाले.

ताईबाईचा हात थांबला. "हां," म्हणून तिने डबा काढला आणि फळीवर ठेवून दिला.

खोली फोटोत होती तशीच निघाली. पांढऱ्या चादरी, मऊ गादी, आणि बाहेर भिंत. कुंदन एसीचा रिमोट घेऊन खूश. ताईबाई खाटेच्या कडेला बसून राहिली.

दुपारी मेघा आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात झाकणाचा तांब्या. तिने आबांना नमस्कार केला, मग ताईबाईच्या पायाशी खालीच बसली.

"आई, तुम्ही घरी येत नाही, म्हणून पाणीच घेऊन आले," ती म्हणाली. "आता तरी चालतं ना? आता पाळणा हलला."

ताईबाई खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघू लागली.

"रोज वाटतं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुनावर काबर रागावू?" ताईबाईने बाळ मांडीवर घेतलं. बाळ हलकं होतं, दुधाचा वास येत होता. एसीच्या गारव्यात ते पोटाशी ऊबदार लागत होतं.

"मग प्या ना."

ताईबाईने तांब्याकडे हात नेला, तो अर्ध्यावर थांबला. तांब्याच्या काठाखाली छोटासा पोचा होता. तांब्या तिच्या ओळखीचा होता, तिनेच रुखवतात दिलेला.

मेघा बाळाची कुंची सारखी करायला वाकली. बाळाच्या मुठीत तिच्या गळ्यातला काळा गोफ आला आणि पदराआडून चांदीचा टाक बाहेर लोंबला. नखाएवढा, वर बाईची आकृती कोरलेला. दुसरेपणावर आलेली बायको वारलेल्या पहिलीच्या नावाने गळ्यात घालते, तसला.

ताईबाईने तो टाक दोन बोटांत धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा हलला.

"सारिका," ती टाकाला म्हणाली, "तुना घरनं पानी राहीच गयं वं माय. आते पिऊ का?"